पाण्यातली वीजवाहक शाई: मुंबईच्या हवेत पहिली पट्टी कशी ओढायची

गिरगावात माझ्या वडिलांचं लग्नपत्रिका छापायचं लहानसं दुकान होतं. लाकडी फ्रेमवर ताणलेली जाळी, शाई जाळीतून दाबत ओढायची रबराची स्क्वीजी, आणि भिंतीला लावलेली मांडणी, जिच्यावर ओल्या पत्रिका वाळत पडायच्या. जुलै-ऑगस्टमध्ये ते मुद्दाम कमी ऑर्डरी घेत. छापायला तेवढाच वेळ लागायचा, पण पत्रिका वाळायच्या नाहीत आणि एकमेकींना चिकटायच्या. पुढे मी रसायनशास्त्र शिकले, पाण्यातल्या वीजवाहक शाईवर काम करू लागले, आणि पहिल्याच पावसाळ्यात दुकानातली ती मांडणी आठवली. या शाईतही शाई पसरणं हा कामाचा लहान भाग आहे. मोठा भाग पाण्याचा: बाटलीतलं पाणी, थरात अडकलेलं पाणी आणि हवेतलं पाणी. खाली जे सांगणार आहे ते पहिल्यांदाच ही शाई हातात घेणाऱ्यांसाठी आहे. बीएस्सीचे विद्यार्थी, इंजिनिअरिंगवाले, घरी सर्किट जुळवणारे, कुणीही.

आधी बाटलीत काय आहे ते समजून घ्या

प्लास्टिक वीज वाहत नाही असं आपण शाळेत शिकतो. १९७७ साली हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी पॉलिॲसिटिलिनच्या पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली, आणि त्याची वाहकता कोट्यवधी पटींनी वाढली. २००० साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण पॉलिॲसिटिलिन हवेत टिकत नाही, त्यामुळे रोजच्या वापरात ते आलं नाही. वापरात आलं ते पेडॉट हे दुसरं वीजवाहक प्लास्टिक. १९८०च्या दशकाच्या शेवटी जर्मनीतल्या बायर कंपनीत ते तयार झालं. त्याचा पहिला मोठा उपयोग झाला फोटोच्या फिल्मवर स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून लावायच्या लेपासाठी.

पेडॉट एकटं पाण्यात मिसळत नाही. म्हणून ते पीएसएस नावाच्या दुसऱ्या पॉलिमरच्या सोबतीनं पाण्यात बनवतात. पेडॉटवर धन भार, पीएसएसवर ऋण भार. दोघं एकमेकांना धरून राहतात आणि पीएसएसला पाणी आवडत असल्यामुळे सगळा जोड पाण्यात तरंगतो. मनात चित्र हवं असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेले तारेचे तुकडे डोळ्यांसमोर आणा. तार म्हणजे पेडॉट, फडकं म्हणजे पीएसएस. फडक्यामुळे तुकडे पाण्यात बुडत नाहीत, पण फडक्यामुळेच एक तार दुसरीला नीट टेकत नाही. हे चित्र लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागेल.

बाटलीतला द्रव गडद निळा असतो. पाहायला नीळ घातलेल्या पाण्यासारखा, पण हे द्रावण नाही. जेलचे अतिसूक्ष्म कण पाण्यात पसरलेले असतात. घन भाग जेमतेम १ ते १.३ टक्के, बाकी सगळं पाणी. आणि ते आम्लधर्मी आहे, पीएच साधारण १.५ ते २.५. लिंबाच्या रसाइतकं आंबट म्हणा.

मुंबईत राहून हे द्रव्य तुम्ही नकळत हाताळलंही असेल. लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात एखादा जुना मदरबोर्ड उचलून पाहा. त्यावरच्या ज्या गोल कपॅसिटरांच्या डोक्यावर फुटण्यासाठी पाडलेल्या खाचा नसतात, त्यांच्या पोटात बहुधा हेच पेडॉट असतं. ओएलईडी पडद्यांमध्ये आणि सेंद्रिय सौर घटांमध्ये मधला थर म्हणूनही ते वापरतात.

एक अपेक्षा आत्ताच सोडून द्या. ही शाई तांब्याच्या तारेची जागा घेणार नाही. सीमेन्स या एककात मोजली तर चांदीची वाहकता सेंटीमीटरमागे सुमारे ६.३ लाख आहे. आपली पट्टी काही शेकड्यांवर पोहोचली तर ती उत्तम झाली. हिचं मोल वेगळं आहे: पारदर्शक राहते, वाकते, शंभर-सव्वाशे अंशांत वाळते, आणि विजेबरोबर आयनही वाहून नेते. म्हणूनच शरीरावर लावायच्या इलेक्ट्रोडसाठी तिच्यावर इतकं काम चालू आहे.

खरेदी

शाईची बाटली प्रयोगशाळेची रसायनं मागवून देणाऱ्या विक्रेत्याकडून घ्यावी लागते, आणि ती स्वस्त नाही. चौघांनी मिळून एक घ्या. मागवताना प्रकार नीट सांगा. ‘पीएच १०००’ हा वाहक पट्ट्यांसाठीचा प्रकार (हे नुसतं नाव, आम्लता मोजायच्या पीएचशी संबंध नाही). त्यात एक भाग पेडॉटला अडीच भाग पीएसएस असतं. ‘एआय ४०८३’ हा सौर घटातल्या मधल्या थरासाठीचा, त्यात एकाला सहा भाग पीएसएस असतं आणि तो मुद्दाम कमी वाहक ठेवलेला असतो. नाव न पाहता दुसरा प्रकार घेतलात तर पुढची सगळी मेहनत फुकट जाईल. चुकीची बाटली आणून महिनाभर स्वतःच्या हाताला दोष देणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

काचेच्या स्लाइड, सिरिंज, गाळण्या, शाईची वाहकता वाढवणारा द्रव म्हणून डीएमएसओ किंवा इथिलीन ग्लायकॉल, आयसोप्रोपिल अल्कोहोल हे सगळं प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला विचारलंत तर मिळतं. मल्टिमीटर, कार्बनचा किंवा चांदीचा वाहक लेप लॅमिंग्टन रोडवर. सोबत नायट्राइलचे हातमोजे आणि एक डिजिटल आर्द्रतामापक घ्या. आर्द्रतामापक लोक हमखास टाळतात. मी म्हणेन, मल्टिमीटर मित्राकडून आणा, पण हा स्वतःचा घ्या.

पारदर्शक प्लास्टिक घेताना जरा थांबा. बुकबाइंडिंगवाल्याकडची कव्हरं बरीचशी पीव्हीसीची असतात, ती ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतात. लॅमिनेशनच्या पाऊचला आतून गोंदाचा थर असतो, तो वितळतो. इंकजेट प्रिंटरसाठीच्या शीटवर शाई शोषणारा लेप असतो, तोही नको. साधी पीईटीची शीट मागा. पहिल्या दोन-चार पट्ट्या तर काचेवरच ओढा. काच उष्णता सहज सोसते आणि चूक लगेच दाखवते.

सुरक्षितता

‘पाण्यातली शाई’ म्हटलं की ती निरुपद्रवी असणार असं वाटतं. शाई आम्लधर्मी आहे. डीएमएसओ कातडीतून आत शिरतं आणि जाताना त्यात विरघळलेलं दुसरं काहीही सोबत नेतं. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी आहे. घरात मूल किंवा मांजर असेल तर ते कुलपातच ठेवा. स्वयंपाकघरातला तवा, ओव्हन, चमचा, फ्रीजमधला डबा, यातलं काहीही या कामाला वापरायचं नाही. मुंबईच्या घरात जागा नसते हे मला माहीत आहे. पण याबाबतीत जागेची सबब चालवून घेऊ नका. कॉलेजची प्रयोगशाळा मिळत असेल तर तिथेच करा.

बाटली उघडणं

बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. गोठू द्यायची नाही. गोठली की कण एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा सुटे होत नाहीत, कितीही हलवा.

फ्रीजमधून काढल्या काढल्या झाकण उघडू नका. गार बाटलीला मुंबईत क्षणात घाम फुटतो, तसं उघड्या तोंडातून आतही दव धरतं. अर्धा-पाऊण तास बंदच बाहेर ठेवा, बाहेरून पुसा, हळू उलटीपालटी करा, मग उघडा. जोरात हलवलंत तर फेस होतो, आणि फेसाचा प्रत्येक बुडबुडा पुढे थरात भोक पाडतो.

शाई पातळ करायची वेळ आली तर फक्त डिस्टिल्ड पाणी. तानसा-वैतरणाचं पाणी आपण आनंदानं पितो, पण नळाच्या पाण्यातले कॅल्शियमसारखे दुहेरी भाराचे आयन पीएसएसच्या दोन-दोन धाग्यांना एकत्र बांधतात आणि शाईत गुठळ्या येतात.

शाई तयार करणं

१० मिलिलिटर शाई सिरिंजनं गाळून घ्या. गाळणी ०.४५ मायक्रॉनची, पाणी जाऊ देणारी पीव्हीडीएफची. टेफ्लॉनची साधी गाळणी पाण्याला अडवते, तिच्यावर जोर लावलात तर सिरिंज फुटेल, शाई जाणार नाही. दाट शाईनं गाळणी लगेच तुंबत असेल तर आधी ५ मायक्रॉनमधून गाळा.

आता गाळलेल्या शाईत ०.५ मिलिलिटर डीएमएसओ किंवा इथिलीन ग्लायकॉल घाला, म्हणजे शेकडा पाच. हा या सगळ्या कृतीचा प्राण आहे. नुसत्या शाईचा वाळलेला थर सेंटीमीटरमागे १ सीमेन्सही देत नाही. या पाच टक्क्यांनंतर हीच शाई प्रयोगशाळेत ८००च्या पुढे जाते. डीएमएसओचा उत्कलनबिंदू १८९ अंश, ग्लायकॉलचा १९७. पाणी उडून गेलं तरी हे थोडा वेळ मागे राहतात. तेवढ्या वेळात फडकं सैल होतं, जास्तीचं पीएसएस बाजूला सरतं आणि उघड्या पडलेल्या तारा एकमेकींना टेकून बसतात. वीज वाहते ती या टेकण्यातून. नंतर हे दोघंही उडून जातात, त्यांनी लावलेली मांडणी तेवढी राहते. इतकी वर्षं झाली, तरी मल्टिमीटरवर हा फरक दिसतो तेव्हा मला पहिल्या दिवसाइतकाच आनंद होतो.

पृष्ठभागावर शाई गोळा होत असेल तर ट्रायटन एक्स-१००सारख्या ओलावकारकाचा आधी पातळ केलेला थेंब घाला, एकूण ०.१ टक्क्याच्या आसपास. थर पाण्याखाली वापरायचा असेल तर गॉप्स नावाचा सांधणारा सिलेन साधारण १ टक्का घालतात. तो धागे एकमेकांना बांधतो, वाहकता थोडी घटते, पण थर पाण्यात सुटत नाही. गॉप्स घातलेली शाई त्याच दिवशी संपवा. पहिल्या पट्टीला मात्र त्याची गरज नाही.

पंधरा मिनिटं हळू ढवळा आणि तेवढाच वेळ बुडबुडे निघून जाऊ द्या.

काच धुणं

साबण, मग डिस्टिल्ड पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. काच स्वच्छ झाली का, हे पाणीच सांगतं: वर थेंब टाकल्यावर तो पसरून सलग पातळ पडदा झाला तर झाली. मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा धुवा. प्लास्टिकवर शाई जास्त कुरकुर करते. शाईचा पृष्ठताण पाण्याइतकाच, म्हणजे सत्तरच्या घरात असतो आणि पीईटीची पृष्ठऊर्जा चाळिशीत, म्हणून शाई पसरायला तयार नसते. प्रयोगशाळेत पृष्ठभाग शाईला धरेल असा करणारं प्लाझ्मा किंवा यूव्ही-ओझोन यंत्र मिळालं तर हा प्रश्न मिनिटात सुटतो. नाही मिळालं तर वर सांगितलेला ओलावकारक.

पट्टी ओढणं

काचेच्या दोन्ही कडांना सेलोटेप लावा, एकावर एक दोन थर. एक थर साधारण ५० मायक्रॉन, म्हणजे काचेपासून १०० मायक्रॉनची फट तयार झाली. वरच्या टोकाला शाईची रेघ सोडा आणि काचेची गुळगुळीत कांडी टेपवर टेकवून एकाच संथ चालीत खाली ओढा. कांडी फिरू देऊ नका, मध्ये थांबू नका, पुन्हा वरून ओढू नका. स्क्वीजी धरलेल्यांना हे मनगट आधीच ठाऊक असेल.

ओला थर फटीच्या साधारण निम्मा उतरतो, म्हणजे ५० मायक्रॉन. घन भाग १.२ टक्के धरला तर वाळल्यावर उरतात ०.६ मायक्रॉन. केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्सा म्हणता येईल इतकं. बाकी सगळं पाणी होतं.

वडिलांच्या जाळीवर ही शाई छापून पाहायचा मोह मलाही झाला होता. पण ती फार पातळ असते, जाळीतून गळते. स्क्रीन प्रिंटिंगसाठी दाट केलेली पेस्ट वेगळी मिळते.

वाळवणं

थर आडवा, सपाट ठेवा. तिरका राहिला तर एका बाजूला निळा आणि एका बाजूला फिका होईल. पंख्याचा झोत नको. आधी हॉट प्लेटवर ५०-६० अंशांवर दहा मिनिटं, म्हणजे पाणी शांतपणे जाईल. एकदम तापवलंत तर पाणी कडांकडून आधी उडतं, मधली शाई कडेकडे ओढली जाते आणि चहाचा कप ठेवल्यावर टेबलावर उमटतं तसं वर्तुळ उरतं. मग काच असेल तर १२० ते १३० अंशांवर वीस मिनिटं, पीईटी असेल तर १०० ते ११०वर अर्धा तास. खिडकी उघडी, शक्य तर एक्झॉस्ट चालू, कारण या टप्प्यात डीएमएसओ किंवा ग्लायकॉलची वाफ बाहेर येते.

आता मुंबईचा मुद्दा. मे महिन्यात आणि जुलै महिन्यात एकाच कृतीनं ओढलेल्या पट्ट्या सारख्या निघत नाहीत. पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता सहज ८०-९० टक्क्यांवर जाते. आधीचा टप्पा लांबतो, कारण हवा पाणी घ्यायला तयार नसते. आणि हॉट प्लेटवरून उतरवलेली कोरडी पट्टी गार होता होता हवेतलं पाणी ओढून घेते. पीएसएसला पाण्याची ओढ आहेच. फडकं पुन्हा ओलं होतं, फुगतं, तारा एकमेकींपासून सरकतात. माझी सुरुवातीची एक पट्टी सकाळी एक आकडा दाखवायची आणि संध्याकाळी दुसरा. मी मीटरच्या वायरी बदलल्या, सेल बदलला, शेवटी आर्द्रता मोजायला लागले तेव्हा कोडं सुटलं.

उपाय साधा आहे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला सिलिका जेल पसरा, आणि पट्टी हॉट प्लेटवरून हाताला सोसेल इतकी गार होताच डब्यात ठेवा. आत आर्द्रतामापकही ठेवा. जेलचा रंग बदलला की १००-१२० अंशांवर तापवून ते पुन्हा कोरडं करता येतं. मोजणी झाली की पट्टी टेपनं किंवा दुसऱ्या काचेनं झाका आणि कडा इपॉक्सीनं बंद करा.

मोजणं

मल्टिमीटरची टोकं थेट थरावर टेकवू नका. ०.६ मायक्रॉनचा थर ती सहज खरवडतात. ॲल्युमिनियम फॉइलही नको, शाईतलं आम्ल ते खातं. पट्टीच्या दोन्ही टोकांना कार्बनचा किंवा चांदीचा लेप लावा, वाळू द्या आणि लेपावर टोक टेकवा.

समजा पट्टी १ सेंटीमीटर रुंद आहे आणि दोन लेपांमध्ये अंतर ४ सेंटीमीटर. म्हणजे एकापुढे एक चार चौकोन झाले. रोध २०० ओहम आला तर चौकोनाला ५० ओहम. हा आकडा पट्टीच्या आकारावर अवलंबून नसतो, म्हणून मित्राशी तुलना करताना हाच सांगा. त्यातून वाहकता काढायची तर जाडी लागते: १ भागिले (५० गुणिले ०.००००६ सेंटीमीटर), म्हणजे सेंटीमीटरमागे सुमारे ३३३ सीमेन्स. हातानं ओढलेल्या पट्टीला हे छान आहे.

पहिल्या दिवशी दोन पट्ट्या शेजारी शेजारी ओढा, एक नुसत्या शाईची, एक डीएमएसओ घातलेली. त्याच मापांत पहिलीचा रोध दहा-हजारांच्या घरात किंवा त्याहून वर जाईल, दुसरीचा शेकड्यांत राहील. दोन्हींत फरक आला नाही तर डीएमएसओ नीट मिसळलं नाही, किंवा बाटली चुकीच्या प्रकारची आहे.

वहीत तारखेशेजारी तापमान आणि आर्द्रता लिहा. प्रत्येक पट्टीला. सहा महिन्यांनी याच दोन आकड्यांमुळे वही वाचता येईल.

आवरणं

उरलेली शाई मोरीत ओतू नका. जुन्या कापसावर किंवा वर्तमानपत्रावर शोषून, वाळवून, पिशवीत बांधून वेगळी ठेवा आणि कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या. सांडली तर खायचा सोडा टाकून पुसा. भांडी लगेच धुवा. वाळलेला निळा डाग फरशीवरून निघत नाही.

रंग बदलणारी पट्टी

आता गंमत. पेडॉटमध्ये इलेक्ट्रॉन घातले की ते गडद निळं होतं, काढले की फिकं, जवळजवळ पारदर्शक. हे पाहायला फार काही लागत नाही. काचेवर दोन समांतर पट्ट्या ओढा, मध्ये पाच मिलिमीटर जागा. दोन्ही नीट भाजलेल्या हव्यात. इथे गॉप्स घातलेली शाई असेल तर उत्तम, नाहीतर थर ओलाव्यानं सुटू लागतो. मिठाच्या पाण्यात बुडवून निथळलेला फिल्टर पेपरचा तुकडा दोन्ही पट्ट्यांवर पुलासारखा टाका. दोन पट्ट्यांच्या कोरड्या टोकांना १.५ व्होल्टचा साधा पेन्सिल सेल जोडा.

ऋण टोकाच्या पट्टीवर कागदाच्या कडेनं निळा रंग गडद होताना दिसेल. मिठातला सोडियम थरात शिरतोय आणि सेलमधून इलेक्ट्रॉन येतायत. टोकं उलटी करा, रंग बाजू बदलेल. नऊ व्होल्टची बॅटरी लावायचा मोह टाळा. तेवढ्या ताणाला पेडॉटची साखळी कायमची बिघडते आणि पाण्यातून वायू सुटू लागतात.

हेच दृश्य तुम्हाला पुढच्या कामाकडे नेतं. पट्टीच्या दोन टोकांमधून वीज वाहू दिली आणि गेट नावाच्या तिसऱ्या टोकाला धन ताण दिला की आयन थरात शिरतात आणि मधली वाट बंद होते. सेंद्रिय इलेक्ट्रोकेमिकल ट्रान्झिस्टर तो हाच. त्याला गॉप्स, तीन टोकं आणि एक व्होल्टच्या आतला ताण लागतो, आणि ते सगळं तुमच्या हाताशी आता आहे.

पण आधी सेल काढून पाहा. रंग लगेच जात नाही. पट्टी सेलशिवायही काही वेळ निळीच राहते. किती वेळ, ते घड्याळ लावून मोजा. कोरड्या डब्यात एकदा आणि उघड्या खोलीत एकदा.